मोबाईलवरचं शांत कोडं

हिंगोली-वसमतकडे हळदीच्या कामावरून दमून आलेल्या आईला मुलाच्या हाती मोबाईल दिसला की धास्ती वाटते. पण सगळेच खेळ सारखे नसतात. २०१४ साली लंडनच्या कंपनीने काढलेला 'मॉन्युमेंट व्हॅली' पाहा. डच चित्रकार एशर यांच्या चित्रांवरून सुचलेल्या इमारतींतून इडा नावाच्या राजकन्येला वाट काढून द्यायची. बुरूज फिरवला की तुटलेली वाट जुळते. घड्याळ नाही, गुण नाहीत, मारामारी नाही. गजबजलेल्या घरात मुलाला हा निवांतपणा हवासा वाटतो. आणि दहा टप्प्यांत खेळ संपतो! न संपणारे खेळ मुलाला उठू देत नाहीत. तेव्हा पालकांनो, मोबाईल हिसकावण्याआधी शेजारी बसा, विचारा, "बाळा, हा खेळ संपतो कुठे?"