शेंडा आधी की मूळ आधी?

जून महिना आला की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. रोपवाटिकेतून रोपे येतात. ‘आपापले रोप निवडा’ असे गुरुजींनी सांगताच सर्वांचे हात उंच, हिरव्यागार रोपांकडे वळतात. बुटके, जाड खोडाचे रोप मागेच राहते. विद्यार्थी मित्रांनो, ही निवड बरोबर आहे का?

उत्तर शोधण्यासाठी रोपाचे घरगुती अर्थशास्त्र पाहू. पाने हवा, पाणी व सूर्यप्रकाश यांपासून साखर तयार करतात. मुळे जमिनीतून पाणी, नत्र, स्फुरद इत्यादी द्रव्ये आणतात. जमिनीत नत्र कमी असेल, तर ते शोधण्यासाठी रोप साखरेचा मोठा वाटा मुळांकडे पाठवते. उलट, नत्र मुबलक मिळाले की तीच साखर नवी पाने व फांद्या घडवण्यात खर्च होते. शिवाय नत्र मिळताच मुळांत तयार होणारी सायटोकायनिन नावाची संप्रेरके वर जाऊन शेंड्याच्या वाढीला चालना देतात. परिणामी रोप झपाट्याने वाढते, पण शेंड्याच्या मानाने मुळे तोकडी राहतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून एक चिमूटभर युरियाही लहान रोपाला पुष्कळ होतो.

वाढीला ऋतूचेही बंधन असते. थंड प्रदेशातील अनेक पाइन वृक्षांत वसंतात किती फुटवा येणार, हे आदल्या उन्हाळ्यात तयार झालेल्या कळीतच बरेचसे ठरलेले असते. त्यामुळे यंदा दिलेल्या खताचा परिणाम पुढच्या वर्षी शेंड्यावर दिसतो. शेंडा थांबला तरी जमिनीत ऊब आणि ओल असेपर्यंत मुळे वाढत राहतात.

आपल्याकडे थंडीपेक्षा पाण्याचे बंधन मोठे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पुढे जमीन वरून खाली वाळत जाते. ओल खाली सरकते आणि रोपाच्या मुळांना तिच्या पुढे धावावे लागते. चैत्रात मोठा कडुनिंब कोरड्या रानात कोवळ्या पालवीने डवरतो, तो साठवलेल्या अन्नाच्या आणि खोल गेलेल्या मुळांच्या बळावर. वर्षभराच्या रोपाजवळ ही शिदोरी नसते. त्यात पाने भरपूर आणि मुळे थोडी, म्हणजे खर्च मोठा आणि मिळकत लहान! पहिल्याच उन्हाळ्यात असे रोप माना टाकते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर डोंगरउतारावर समपातळी चर खोदले गेले आणि चराईवर बंदी आली. चरांमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि मुळांना ओल अधिक काळ मिळते.

मग खत देऊच नये काय? तसे नाही. नत्र अगदीच नसेल तर पाने खुरटतात आणि मुळांसाठीही साखर उरत नाही. प्रश्न कोणते खत, किती व केव्हा, हा आहे. खड्डा भरताना कुजलेले शेणखत व थोडे सुपर फॉस्फेट तळाशी मिसळावे. चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद जागचे फारसे हलत नाही. म्हणून ते मुळांजवळच हवे. नत्र मात्र रोप रुजल्यावर, ओल असताना, थोडे थोडे द्यावे. पावसाळा सरता सरता दिल्यास नेमकी कोरड्या दिवसांत कोवळी पालवी फुटते.

हे स्वतः पडताळून पाहा. चार सारख्या कुंड्यांत निकस माती भरा व बाजरी पेरा. उगवल्यावर प्रत्येकीत पाच रोपे ठेवा. दोन कुंड्यांना आठवड्यातून एकदा, लिटरला एक ग्रॅम युरिया घातलेले पाणी द्या. दोहोंना तेवढेच साधे पाणी द्या. चार आठवड्यांनी रोपे अलगद उपटून मुळे धुवा. शेंडे व मुळे वेगळी करून उन्हात कडक वाळवा आणि प्रयोगशाळेच्या तराजूत तोला. मुळांच्या वजनाला शेंड्यांच्या वजनाने भागा. कोणत्या कुंडीत हा भागाकार मोठा येतो?

उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या जूनमध्ये रोप निवडताना नुसती उंची पाहू नका. खोडाची जाडी पाहा, पिशवीतील मुळे पाहा आणि मगच हात पुढे करा.