सावली पुसणारा दिवा

रात्री उथळ समुद्रात पोहणाऱ्या लहानशा जिवाला चांदणं वैरी ठरतं. खाली दबा धरून बसलेल्या माशाला वरच्या उजेडात त्याची काळी आकृती स्पष्ट दिसते. हवाई बेटांच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या बॉबटेल स्क्विडकडे यावर नामी उपाय आहे. तो पोटाशी दिवा बाळगतो आणि स्वतःची सावलीच पुसून टाकतो.

अंगठ्याएवढा हा प्राणी आपल्या माकुलाचा दूरचा भाऊबंद. दिवसभर वाळूत दडून राहतो, अंधार पडला की कोळंबीच्या शिकारीला निघतो. त्याच्या पोटाकडच्या अवयवातून वरच्या चांदण्याच्या तोलाचा उजेड खाली पडतो. उजेड कमी-जास्त करायला शाईची पिशवी पडद्यासारखी पुढेमागे होते. मागे प्रकाश परतवणारा थर आहे, पुढे भिंग आहे. कंदील सगळा स्क्विडचा, पण त्यातली ज्योत त्याची नाही. ती ‘व्हिब्रिओ फिशेरी’ या जिवाणूची. कोकणात काही रात्री लाटा निळ्या चमकतात, ते नॉक्टिल्युका या एकपेशीय प्लवकाचं काम. ते स्वतःच उजळतं. इथे मात्र दिवा पेटायला दोघे लागतात.

त्यातही एकट्यादुकट्या जिवाणूचा उजेड पडत नाही. प्रत्येक जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडत असतो. खुल्या समुद्रात तो विरून जातो. अवयवाच्या कप्प्यांत अब्जावधींची दाटी झाली, की तो साचत जातो आणि ठरावीक पातळीला प्रकाशाची जनुकं जागी होतात. मग ल्युसिफरेज हे विकर तयार होतं आणि प्राणवायू वापरून निळसर प्रकाश निघू लागतो. दाटी झाल्याशिवाय ही यंत्रणा सुरू होत नाही, हे केनेथ नील्सन, वुडलँड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1970 मध्ये दाखवलं. पुढे याला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळालं. सभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसंच हे.

अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाकडे यातला एकही जिवाणू नसतो. भोवतालच्या पाण्यातल्या हजार जिवाणूंत या जातीचा एकसुद्धा मिळेल याची खात्री नाही. तरी काही तासांत पिल्लू नेमका त्यालाच घरात घेतं. अवयवाच्या तोंडाशी केसाळ पेशींचे इवले हात असतात. ते पाणी ओढतात आणि चिकट स्राव सोडतात. त्या स्रावात जिवाणू गोळा होतात आणि सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात, पण आतल्या कप्प्यांत वस्ती करतो तो फक्त व्हिब्रिओ फिशेरी. तिथे त्याला अन्न मिळतं आणि बदल्यात तो उजेड देतो. उजेड न देणाऱ्या वाणांचा तिथे टिकाव लागत नाही. रोज पहाटे स्क्विड सुमारे 95 टक्के जिवाणू समुद्रात सोडून देतो. उरलेले दिवसभरात वाढतात आणि संध्याकाळपर्यंत कंदील पुन्हा भरतो.

मार्गारेट मॅकफॉल-न्गाय आणि एडवर्ड रुबी यांनी या जोडीवर अनेक दशकं काम केलं आहे. 2004 मध्ये त्यांच्या गटाने जे दाखवलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जिवाणू आत स्थिरावले की ते केसाळ हात चार-पाच दिवसांत झडून जातात, कारण त्यांचं काम संपलेलं असतं. त्यांना झडायला सांगतो तो जिवाणूच्या आवरणाचा एक तुकडा. म्हणजे पाहुण्याच्या येण्याने यजमानाचं शरीर घडतं. पाहुणा आलाच नाही, तर ते हात तसेच राहतात.

हाच तुकडा वैद्यकाला आधीपासून ठाऊक होता. डांग्या खोकल्यात तो श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी नष्ट करतो, म्हणून त्याची नोंद विष म्हणून झाली होती. स्क्विडच्या पिल्लातही तो केसाळ पेशीच गाळतो, पण तिथे ती गळती म्हणजे वाढ असते. जिवाणू म्हटलं की आपल्याला आधी साबण आणि औषध आठवतं. आपल्या आतड्यातही जन्मापासून अशीच वस्ती आहे आणि तीही आपल्याला घडवते आहे. तिच्याकडे पाहताना हवाईच्या उथळ पाण्यातलं ते पिल्लू आठवावं. शत्रू कोण आणि सोबती कोण, हे रेणूच्या नावावरून नव्हे, तर दोघांच्या नात्यावरून ठरतं.