काळ्या कातळाखालचा ग्रॅनाइट

दाभोळच्या खाडीकांठचा काळा कातळ आणि घरांच्या भिंतींतील तांबडा जांभा हे दोन्ही एकाच कुळांतले. काळा कातळ म्हणजे सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं थरावर थर पसरून थिजलेला लाव्हा, अर्थात् बसाल्ट. तोच ऊनपावसानें कुजून, त्यांतील लोह गंजून जांभा होतो. पण या बसाल्टाच्या बुडाशीं काय आहे?

याचें उत्तर कोयनेनें दिलें. पोफळीच्या वीजगृहांतून सुटलेलें कोयनेचें पाणी वाशिष्ठींत मिसळून दाभोळपाशींच समुद्रास जातें. त्या कोयनेच्या परिसरांत 11 डिसेंबर 1967 रोजीं पहांटे भूकंप होऊन दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. कारण शोधण्यासाठीं पुढें गोठणें येथें 3,000 मीटर खोल विवर खणण्यांत आलें; तें 2017 सालीं पुरें झालें. सुमारें सव्वा किलोमीटर बसाल्ट संपतांच खालीं ग्रॅनाइट लागला.

त्याचें वय झिरकॉन नांवाचे सूक्ष्म स्फटिक सांगतात. घडतांना ते युरेनियम सामावून घेतात, शिशास मात्र जवळजवळ थारा देत नाहींत. पुढें युरेनियमाचें शिसें होत जातें. मुख्य प्रकारचें युरेनियम निम्में सरण्यास सुमारें 447 कोटी वर्षें लागतात. तेव्हां स्फटिकांत सांठलेलें शिसें हा लोटलेल्या काळाचा हिशेबच होय. त्यावरून हा पाया सुमारें 250 कोटी वर्षांचा किंवा त्याहूनही जुना ठरतो.

एवढ्या आयुष्यांत त्याची आकृति बदलल्याशिवाय कशी राहील? खोलवर तापलेला ग्रॅनाइट दाबाखालीं कणकेसारखा मळला जातो, खनिजें ओळीनें लागून पट्टे पडतात. अशा खडकास नाइस म्हणतात. थंड झाल्यावर मात्र तो लवत नाहीं, तडकतो. अशा जुन्या भेगांत जलाशयाचें पाणी झिरपलें कीं घर्षण कमी होऊन त्या सरकतात, असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

राजस्थानांत मरुभूमीच्या कडेस अबूचा पहाड उघडा असल्यानें तेथील ग्रॅनाइटाचा इतिहास डोळ्यांनीं वाचतां येतो. कोंकणघांटांत तो बसाल्टाच्या पांघरुणाखालीं दडला आहे; परंतु दडलेला म्हणजे निजलेला नव्हे. कातळावरच्या पायाचा भरंवसा खराच. तरी चिरेबंदी घराचे कोपरे एकमेकांत गुंफून भिंतींवर सलग पट्टा बांधावा, हाच या ज्ञानाचा गृहस्थास खरा उपयोग.