नमुन्याविना प्रमाण : बुगुन लायोसिक्ला

नवी जाती प्रस्थापित करावयाची तर एक पक्षी मारून त्याचे कातडे संग्रहालयात जतन करावयाचे, ही पक्षिविज्ञानातील जुनी रीत आहे. मूळ विधानाची शहानिशा पुढील अभ्यासकास प्रत्यक्ष वस्तूवरून करता यावी, हा तीमागील हेतू होय. परंतु ज्या पक्ष्याच्या मोजक्याच जोड्या ज्ञात आहेत, तेथे पुरावा मिळविण्याच्या कृतीनेच त्याचे अस्तित्व धोक्यात येते. अरुणाचल प्रदेशातील बुगुन लायोसिक्ला या गायक पक्ष्याच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

पुण्यात कार्यरत असलेले खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांना १९९५ साली ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात हा अनोळखी पक्षी ओझरता दिसला. दाट झुडपांतून वावरणाऱ्या या पक्ष्याचे पुन्हा दर्शन होण्यास २००५ साल उजाडले. सुमारे २२ सेंटिमीटर लांबी, राखी-हिरवट अंग, काळी टोपी, डोळ्यांपुढील पिवळा ठिपका व पंखांवरील लाल-पिवळे पट्टे ही त्याची लक्षणे होत. चीनमधील एमेई लायोसिक्ला हा त्याचा निकटचा आप्त. मात्र त्याच्या डोक्यावर अशी काळी टोपी नसते आणि दोघांचे गाणेही भिन्न आहे.

मे २००६ मध्ये बारीक तंतूंच्या जाळ्यात पक्षी सापडला. त्याचे तपशीलवार वर्णन नोंदवून व छायाचित्रे घेऊन तो सोडून देण्यात आला; जाळ्यात गळालेली पिसे मात्र जपून ठेवली गेली. त्या वेळी अवघे १४ पक्षी ज्ञात होते. पिसे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांच्या आधारे त्याच वर्षी या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले.

येथे प्रत्येक साधनाची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. छायाचित्र जिवंत पक्ष्याचे रंग व ठेवण टिपते. पण त्यातून रंगद्रव्याची वा आनुवंशिक द्रव्याची तपासणी करता येत नाही. ती उणीव पिसे भरून काढतात, आणि प्राण्याचा अंशही नामधारक नमुना ठरू शकतो, असे प्राणिनामकरणाचे नियम सांगतात. पिसांत न उरणारा स्वर ध्वनिमुद्रणात उरतो. म्हणजेच एकट्या छायाचित्राने नव्हे, तर या तिन्ही साधनांच्या परस्परपूरकतेने प्रमाण सिद्ध झाले.

पक्ष्याला ज्यांचे नाव लाभले, त्या बुगुन समाजाच्या सिंगचुंग गावाचे सामूहिक राखीव वन २०१७ साली घोषित झाले. आता छायाचित्रकारांवरही तोच संयम बंधनकारक ठरतो. ध्वनिमुद्रित गाणे वारंवार ऐकवून विणीच्या काळात पक्षी पुढे ओढून घेतल्यास छायाचित्र मिळेल. परंतु पक्षी न मारता प्रमाण मिळविण्यामागील हेतूच त्यामुळे विफल होईल.