ठाणे अंमलदाराच्या टेबलावरची पाच वर्षे

1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. कोविडचं सावट तेव्हा कायम होतं. त्याच वर्षी मे महिन्यात गावी निघालेल्या मजुरांनी वसईचं सन सिटी मैदान भरून गेलं होतं. भर उन्हात त्या गर्दीला शांत ठेवणारी, रांगा लावणारी खाकीतली माणसं पालघर जिल्हा पोलीस दलाची होती. आयुक्तालय झालं तेव्हा यांतलीच बरीच माणसं नव्या दलात आली. वसईच्या खाडीपलीकडचे मीरा-भाईंदरचे पोलीस ठाणे ग्रामीण पोलीस दलातून आले. दोन जिल्ह्यांचे तुकडे जोडून एक शहर पोलीस दल उभं राहिलं आणि आता त्याला पाच वर्षं उलटून गेली आहेत.

वसईकरांना या आयुक्तालयाचं अप्रूप का वाटलं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत वसई ठाणे ग्रामीणमध्ये होती. जिल्हा अधीक्षकांच्या नकाशावर ती एका तालुक्याएवढीच, पण 2011 च्या जनगणनेत एकट्या वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांवर गेलेली. कागदोपत्री ग्रामीण पोलीस आणि प्रत्यक्षात महानगर, असा तो विरोधाभास. त्यातच जुन्या माणसांच्या मनातली भीती पूर्ण गेलेली नव्हती. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये नालासोपारा रेल्वे स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारलं गेलं. जमिनीचे व्यवहार आणि दहशत हातात हात घालून चालत होती तो हा काळ. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीचे कार्यकर्ते त्याच काळात या दहशतीविरुद्ध उघडपणे उभे राहिले. पोलीस आपल्या बाजूने आहेत का, हा प्रश्न इथल्या माणसाने तेव्हापासून मनात धरलेला आहे.

पहिले आयुक्त सदानंद दाते. 26/11 च्या रात्री कामा रुग्णालयात जखमी होऊनही अतिरेक्यांशी झुंजलेला हा अधिकारी आपल्याकडे आला, याचा लोकांना खरोखर दिलासा वाटला होता. पुढे मधुकर पांडे आले आणि जुलै 2025 मध्ये निकेत कौशिक. आयुक्तालयामुळे सर्वांत मोठा फरक पडला तो अधिकारांत. तडीपारी, जमावबंदी, गुंडाकडून चांगल्या वर्तणुकीचा बंध लिहून घेणं, यासाठी पूर्वी प्रांताच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे प्रस्ताव जायचा आणि तिथे तो किती दिवस पडून राहील याचा नेम नसायचा. आयुक्तालयात हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच येतात. नोटीस, सुनावणी, आदेश, सगळं एकाच छताखाली. गुंडाला चाप लावायला हे सोपं झालं. पण तक्रार करणारे, तपास करणारे आणि निर्णय देणारे एकाच गणवेशातले, म्हणून वरिष्ठांची जबाबदारीही त्याच पटीने वाढली, हे विसरून चालणार नाही.

दुसरा फरक पोलीस ठाण्यांचा. वसई, माणिकपूर, वालीव, नालासोपारा, तुळिंज, विरार आणि अर्नाळा सागरी ही खाडीच्या अलीकडची जुनी ठाणी. त्यांत आचोळे, पेल्हार, मांडवी, नायगाव, बोळिंज यांची भर पडत गेली. नालासोपारा पूर्वेची दाटी ज्याने पाहिली आहे त्याला या भरीची किंमत कळेल. हद्द लहान झाली की बीट अंमलदाराला गल्ली तोंडपाठ होते आणि कोणत्या चाळीत कोण नवा राहायला आला, हे त्याला कळतं. तरीही हद्दीचा घोळ संपलेला नाही. फलाटावर मोबाइल गेला तर लोहमार्ग पोलीस, जिना उतरल्यावर गेला तर शहर पोलीस. सकाळच्या विरार लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला हा भेद कुठून माहीत असणार?

ठाण्यात पाऊल टाकल्यावर पहिली गाठ पडते ती ठाणे अंमलदाराशी. बारा-बारा तास त्या टेबलाशी बसलेल्या माणसासमोर काय काय येतं! हरवलेलं आधार कार्ड, बेपत्ता मुलगा, भाडेकरूचं भांडण, ऑनलाइन फसवणुकीत गेलेली आयुष्यभराची पुंजी, रुळांजवळ सापडलेला अनोळखी मृतदेह. शिवाय कोर्टाची समन्स, मुद्देमालाची नोंद, नवरात्रात जीवदानीचा, कार्तिकात निर्मळच्या यात्रेचा बंदोबस्त. 112 वर कॉल आला की गाडी धाडायची ती वेगळीच. हा ताण खोटा नाही. त्याच टेबलावर, कधी कधी, एखाद्या जिवाचा फैसला होतो.

23 नोव्हेंबर 2020. आयुक्तालयाला दोन महिनेही झाले नव्हते. वसईची एक तरुणी तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन गेली. सोबत राहणारा तरुण मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं. डिसेंबरमध्ये तिने तक्रार मागे घेतली आणि कागद मिटला. मे 2022 मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. पुढे माणिकपूर पोलिसांकडे बेपत्ता झाल्याची तक्रार आली, मोबाइलचे आणि बँकेचे व्यवहार तपासले गेले, आणि त्या धाग्यावरून प्रकरण दिल्ली पोलिसांपर्यंत पोहोचलं. जून 2024 मध्ये वसई पूर्वेत, दिवसाढवळ्या रस्त्यावर, माणसं बघत असताना एका तरुणीला पान्याने मारून संपवण्यात आलं. त्या हल्लेखोराविरुद्ध आधीच पोलिसांकडे गेलो होतो, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं.

पहिल्या प्रकरणात तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चौकशी जाहीर केली होती. वेळेत कारवाई झाली असती तर कदाचित जीव वाचला असता, असंही ते म्हणाले होते. मला त्यातला एकच मुद्दा छळतो. तक्रार मागे घेणं हे पोलिसांसाठी काम संपल्याचं चिन्ह ठरतं. मार खाणारी बाई तक्रार मागे घेते तेव्हा बहुधा तिच्यावरचा दबाव वाढलेला असतो, आणि पोलिसांनी जास्त सावध व्हायला हवं ते नेमकं तेव्हाच. तिचा जबाब एकटीला बसवून घेतला का, महिन्याभराने कुणी दार ठोठावलं का, हे विचारायची सक्तीची पद्धत हवी होती.

या पाच वर्षांत पोलिसांनी इथे उचललेला भार मात्र कुणी नाकारू नये. 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि 15 रुग्ण गेले. संसर्गाच्या त्या दिवसांत पंचनामे करायचे, ओळख पटवायची, देह नातेवाइकांच्या हवाली करायचे आणि त्याच वेळी गुन्हा नोंदवून रुग्णालयाच्या जबाबदार मंडळींना ताब्यात घ्यायचं. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्री कोसळली, 17 माणसं दगावली. तिथेही तेच.

रमाबाई अपार्टमेंट अनधिकृत होती. 2023 मध्ये विरार पोलिसांनीच बनावट शिक्के आणि बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या 50 हून अधिक इमारतींचं जाळं उघड केलं होतं. नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तेव्हा रडणाऱ्या कुटुंबांसमोर उभी होती तीही पोलिसांचीच रांग. ज्यांनी त्या इमारती वर चढू दिल्या ते कुणीही त्या रांगेत नव्हते. शहर चालवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणांनी सोडून दिलेलं काम शेवटी शिपायाच्या खांद्यावर येतं, हे मी इथे वारंवार पाहिलं आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत येऊन सही करायची. फिर्यादीची प्रत मोफत मिळते आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगून ठेवलं आहे. तुळिंजला किंवा आचोळ्याला उद्या कुणी मुलगी कागद घेऊन गेली, तर तिने प्रत मागावी, कागदावर शिक्का आणि तारीख घ्यावी, अंमलदाराचं नाव लिहून ठेवावं. टाळाटाळ झाली तर उपायुक्तांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते, ही सोय जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहे.