मों ब्लां : विहार आणि जोखीम

फ्रान्स आणि इटली यांच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वतराजीच्या पश्चिम अंगास उभा असलेला मों ब्लां हा पश्चिम युरोपातील सर्वोच्च पर्वत होय. त्याचा माथा म्हणजे खडकावर साचलेल्या बर्फाचा घुमट असल्यामुळे वारा आणि हिमवृष्टी यांच्या मानाने त्याची उंची दर मोजणीस थोडी कमी-अधिक भरते; 2023 सालच्या मोजणीत ती 4,805.59 मीटर नोंदली गेली. हिमालयाच्या भव्यतेशी परिचित असलेल्या आपल्या वाचकास हा आकडा लहान वाटेल. परंतु गिर्यारोहण नावाचा जो छंद आणि जे शास्त्र आज जगभर मान्यता पावले आहे, त्याचा उगम याच पर्वताच्या पायथ्याशी, शामोनीच्या खोऱ्यात झाला, आणि आपल्या देशाला चटका लावून गेलेल्या दोन दुर्घटनाही याच्याच अंगावर घडल्या.

सतराव्या शतकात येथील हिमनद्या पुढे सरकत सरकत शेते आणि कुरणे गिळू लागल्या, तेव्हा भयभीत ग्रामस्थांच्या विनंतीवरून 1644 साली जिनिव्हाच्या बिशपने मिरवणुकीने येऊन त्या बर्फावर मंत्रोच्चार केले होते. अशा या धास्तीच्या प्रदेशात 1760 साली ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा वीस वर्षांचा जिनिव्हाकर शास्त्रज्ञ आला, आणि जो कोणी शिखराची वाट शोधून काढील त्यास रोख इनाम देण्याचे त्याने जाहीर केले. त्या इनामाचा दावेदार मिळण्यास सव्वीस वर्षे लागली. 8 ऑगस्ट 1786 रोजी सायंकाळी स्फटिकांच्या शोधात डोंगर धुंडाळणारा जाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार हे दोघे, दोर नाही, शिडी नाही, केवळ लांब काठ्यांच्या आधाराने शिखरावर पोचले. परतताना बर्फावरील प्रखर उजेडाने पाकारची दृष्टी काही काळ लोपली. पण त्याहून मोठा अन्याय लोकांच्या दृष्टीने केला, कारण पुढे सारे श्रेय बाल्माच्या पदरी पडले. 1887 साली शामोनीत बाल्मा आणि सोस्यूर यांचा पुतळा उभा राहिला; पाकारच्या पुतळ्यास 1986 साल उजाडावे लागले.

इनाम लावणारा सोस्यूर स्वतः 3 ऑगस्ट 1787 रोजी अठरा वाटाड्यांसह शिखरावर गेला आणि तेथे सुमारे साडेचार तास राहिला. हे साडेचार तास विज्ञानाच्या इतिहासात मोलाचे आहेत. विरळ हवेत प्रत्येक हालचालीनंतर दम खात त्याने वायुभारमापकाची नोंद घेतली. पाणी उकळून पाहिले, तो ते सुमारे 86 अंश सेल्सिअसलाच उकळले. आणि निळ्या रंगाच्या चढत्या छटांनी रंगवून आणलेले कागद एकामागून एक आकाशासमोर धरून त्या उंचीवर आकाश किती गडद दिसते याचा दाखलाही त्याने लिहून घेतला. पुढे स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत : 1808 साली मारी पारादी ही शामोनीची कष्टकरी स्त्री, आणि 1838 साली आंरिएत दांझव्हिल ही चव्वेचाळीस वर्षांची कुलीन स्त्री शिखरावर पोचली.

धाकाच्या जागी कुतूहल आले, आणि कुतूहलामागोमाग विहार आला. आल्बर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज लेखकाने 1851 साली हे शिखर गाठले आणि पुढील वर्षापासून लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये रंगविलेल्या चित्रपडद्यांच्या साहाय्याने आपल्या चढाईचे कथन सुरू केले. तो प्रयोग सहा वर्षे चालला आणि युरोपभर मों ब्लांचे वेड पसरले. येथपर्यंत मजल गेली, की 1924 साली पहिले हिवाळी ऑलिंपिक शामोनीतच भरले. 1955 साली एग्वी द्यु मिदी या 3,842 मीटर उंचीच्या सुळक्यापर्यंत रज्जुमार्ग झाला. 1965 साली पर्वताच्या पोटातून 11.6 किलोमीटरचा बोगदा मोटारींसाठी खुला झाला, आणि 1999 साली त्याच बोगद्यात लागलेल्या आगीत 39 माणसे प्राणास मुकली. पायी भ्रमणाची आवड असणाऱ्यांसाठी तीन देशांतून पर्वताची प्रदक्षिणा घालणारी सुमारे 170 किलोमीटरची वाट आहे, आणि माझ्या मते या पर्वताचे खरे दर्शन तीच घडविते.

परंतु या पर्वताने आपली जरब कधीही सोडली नाही. 1820 साली डॉ. हामेल यांच्या तुकडीतील तीन वाटाडे हिमस्खलनाने भेगेत लोटले गेले. हिमनदीच्या वेगाचा अभ्यास करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी असा अंदाज वर्तविला होता, की सुमारे चाळीस वर्षांनी त्यांचे अवशेष खाली प्रकट होतील. आणि 1861 साली बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी ते खरोखरीच मिळाले. त्या प्रसंगातून वाचलेला एक वृद्ध वाटाड्या तेव्हा हयात होता, आणि आपल्या तरुण साथीदाराच्या हाताची ओळख त्याने पटविली. 1892 साली तेत रूस हिमनदीच्या पोटात साचलेले पाणी मध्यरात्री फुटून सें-जेर्व्हे गावावर कोसळले आणि सुमारे पावणेदोनशे माणसे मृत्युमुखी पडली. 2010 साली त्याच हिमनदीत पुन्हा पाणी आढळले, तेव्हा मात्र पंपांनी ते वेळीच उपसून काढण्यात आले.

3 नोव्हेंबर 1950 रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान शिखराजवळ आदळले आणि 48 जण दगावले. त्यांत भारतीय खलाशांचा भरणा मोठा होता. 24 जानेवारी 1966 रोजी त्याच परिसरात ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान कोसळून 117 जण ठार झाले. आपण पर्वताचा माथा ओलांडला आहे असा वैमानिकाचा समज झाला होता, आणि नियंत्रकाने दिलेल्या दुरुस्तीचा अर्थ लावण्यात घोटाळा झाला. डॉ. होमी भाभा, मुंबईच्या मूलभूत संशोधन संस्थेचे आणि तुर्भ्याच्या अणुकेंद्राचे संस्थापक, व्हिएन्ना येथील बैठकीसाठी त्याच विमानाने निघाले होते. त्या घटनेला सुमारे अर्धशतक लोटल्यावरही बोसाँ हिमनदी एकेक वस्तू परत करीत आहे : 2012 साली टपालाची सरकारी थैली, 2013 साली पाचू, नीलम आणि माणके भरलेली पेटी, जी एका गिर्यारोहकाने प्रामाणिकपणे पोलिसांच्या हवाली केली, आणि 2020 साली भारतीय वृत्तपत्रांचे अंक, ज्यांत इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदी निवड झाल्याची बातमी ठळक अक्षरांत होती. त्यांचा शपथविधी अपघाताच्याच दिवशी झाला.

अलीकडे या जोखमीने नवे रूप धारण केले आहे. खडकांना शेकडो वर्षे सांधून ठेवणारे गोठलेले पाणी उष्म्याने वितळू लागल्यामुळे, शिखराच्या रुळलेल्या वाटेवरील गुतेच्या घळीत दरडी वारंवार सुटतात, आणि ती घळ आडवी ओलांडल्याखेरीज त्या वाटेने निवाऱ्यापर्यंत पोचता येत नाही. 2022 च्या उन्हाळ्यात वाटाड्यांनी त्या वाटेवरून माणसे नेणे थांबविले. तरी हट्टाने जाणाऱ्यांना आवर बसेना, तेव्हा सें-जेर्व्हेच्या महापौरांनी प्रत्येक आरोहकाकडून 15,000 युरो अनामत घेण्याची तजवीज मांडली : 10,000 सुटकेच्या खर्चापोटी आणि 5,000 अंत्यविधीपोटी. पलीकडे मेर द ग्लास हिमनदीवर 1988 साली पाळण्यातून उतरताच अवघ्या काही पायऱ्यांवर बर्फ लागे. पुढे बर्फ खाली खाली जात राहिले आणि पायऱ्या पाचशेहून अधिक झाल्या. कोणत्या साली बर्फाची पातळी कोठे होती, हे सांगणाऱ्या पाट्या त्या जिन्याच्या कडेला लावलेल्या होत्या.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष माझ्या मते एकच आहे : माणसाने वाट सुलभ केली, पर्वत सुलभ झाला नाही. युरोपच्या सहलीत मराठी कुटुंबे हल्ली रज्जुमार्गाने एग्वी द्यु मिदीवर हौसेने जातात; त्यांनी जरूर जावे. मात्र सुमारे हजार मीटरवरून वीस मिनिटांत पावणेचार हजारांच्या पुढे नेणाऱ्या त्या पाळण्यातून उतरल्यावर पावले सावकाश टाकावीत, हृदयविकार असलेल्यांनी आधी वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि वर पोचल्यावर डॉ. भाभांचे व त्यांच्या सहप्रवाशांचे क्षणभर स्मरण करावे. आणि आपल्या तरुण गिर्यारोहकांना एवढेच सांगणे आहे, की खोऱ्यातील वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर तो शब्द अखेरचा मानावा. शिखर पुढल्या हंगामातही तेथेच असेल.