औद्योगिक संवेदकांचे क्रमिक संदेशन आणि घरगुती जलव्यवस्थापन : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

धाराशिव (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा होय. येथील भूस्तर बेसाल्ट खडकाचा असून पाणी मुख्यतः खडकाच्या झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. त्यामुळे एका कूपनलिकेला (बोअरला) पाणी लागते, तर शेजारची कोरडी जाते. २०१५-१६ च्या दुष्काळात लगतच्या लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही घटना सर्वश्रुत आहे. अशा प्रदेशात बोअरमध्ये पाणी किती उरले आहे, हा प्रत्येक घराच्या रोजच्या नियोजनाचा प्रश्न ठरतो. स्वयंचलित गृहव्यवस्था म्हणजे दिवे व पंखे दुरून चालू-बंद करणे, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि या जिल्ह्यात तिचा खरा उपयोग बोअर, मोटार आणि टाकी यांच्या संदर्भात संभवतो.

लेखाची उद्दिष्टे :

१. क्रमिक संदेशनाद्वारे संवेदकाचे वाचन कसे होते हे स्पष्ट करणे.
२. प्राप्त आकड्याचा अर्थ लावताना होणाऱ्या चुकांचा विचार करणे.
३. मोटारीच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक नियम मांडणे.

औद्योगिक संवेदकांची उपयुक्तता :

पाण्याखालील मोटारीचे शीतन पाण्यानेच होते. पाणी संपल्यावरही ती चालू राहिली तर बुश झिजतात, वेटोळे जळते आणि ती वर काढण्याचा खर्च कुटुंबावर पडतो. हे टाळण्यासाठी बोअरमध्ये दाबावर चालणारा पातळी-संवेदक सोडता येतो. घर आणि बोअर यांत पुष्कळदा बरेच अंतर असते. बिनतारी घरगुती साधने तेथे अपुरी पडतात. कारखान्यांसाठी १९८३ मध्ये प्रमाणित झालेली आरएस-४८५ ही पद्धती येथे उपयोगी पडते. तीत पिळाच्या दोन तारांमधील विद्युतदाबाच्या फरकावरून संकेत ओळखला जातो. बाहेरील विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येत असल्याने फरकावर त्याचा परिणाम अल्प होतो. कमी वेगाने ही जोडणी सुमारे १२०० मीटरपर्यंत चालू शकते आणि एकाच तारजोडीवर अनेक उपकरणे जोडता येतात.

संदेशाची रचना :

तार केवळ संकेत वाहते. संभाषणाचे नियम मॉडबस ठरवते. मॉडिकॉन या कंपनीने १९७९ मध्ये कारखान्यांतील नियंत्रकांसाठी ते तयार केले. त्याच्या आरटीयू या प्रकारात घरातील संगणक प्रश्न विचारतो व संवेदक उत्तर देतो. संवेदक स्वतःहून कधीही बोलत नाही. प्रत्येक उपकरणास १ ते २४७ मधील एक क्रमांक असतो. प्रश्नात उपकरणाचा क्रमांक, कार्यसंकेत, पहिल्या रजिस्टरचा पत्ता, रजिस्टरांची संख्या आणि शेवटी तपासणीच्या दोन बाइट असतात. एकूण आठ बाइट. दोन रजिस्टरांचे उत्तर नऊ बाइटचे येते. ९६०० च्या वेगाने हे सतरा बाइट तारेवरून जाण्यास सुमारे २० मिलिसेकंद लागतात.

आकड्याचा अर्थ :

तपासणीच्या बाइट संदेश वाटेत बिघडला का, एवढेच सांगतात. आकड्याचा अर्थ बरोबर लावला का, हे त्या सांगू शकत नाहीत. खरी जोखीम येथेच आहे.

उदाहरणार्थ, संवेदक जमिनीपासून ६० मीटर खोल सोडला असून रजिस्टरमध्ये १२३५ हा आकडा आला, असे समजू. माहितीपुस्तिकेनुसार दोन दशांश स्थळे धरल्यास तो १२.३५ मीटर होतो. एकच स्थळ धरल्यास १२३.५ मीटर, म्हणजे बोअरच्या मर्यादेपलीकडचे पाणी. शिवाय १२.३५ ही संवेदकावरील पाण्याच्या स्तंभाची उंची आहे, जमिनीपासूनची खोली नव्हे. पाणी प्रत्यक्षात ६० वजा १२.३५, म्हणजे ४७.६५ मीटर खोल आहे. हा भेद लक्षात न घेतल्यास पाणी बारा मीटरवरच असल्याचा भ्रम होतो.

काही संवेदक दशांश संख्या दोन रजिस्टरांत विभागून देतात. त्यांचा क्रम उलटा वाचला गेल्यास १२.३५ ऐवजी शून्याच्या अत्यंत जवळची ऋण संख्या मिळते आणि पाणी असूनही मोटार बंद राहते. तसेच पुस्तिकेत ४०००१ असे छापलेले रजिस्टर संदेशात बहुधा ० या पत्त्याने मागवावे लागते. एका अंकाची चूक शेजारच्या रजिस्टरचा आकडा पातळी म्हणून दाखवू शकते. म्हणून सुरुवातीस दोरीला वजन बांधून पातळी मोजावी व ती पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावी.

सुरक्षिततेचे नियम :

वळवाच्या पावसात विजांमुळे लांब तारांना धोका असतो. तेथे अतिदाब-संरक्षक व योग्य भूसंपर्क आवश्यक ठरतो. तार तुटल्यास पडद्यावर जुनाच आकडा राहू शकतो. 'माहिती नाही' आणि 'पाणी आहे' या दोन भिन्न अवस्था आहेत. ठराविक वेळेत ताजे उत्तर न आल्यास मोटार बंद व्हावी. त्याच तारजोडीवर विद्युतप्रवाह मोजणारा मीटर जोडल्यास दुसरी साक्षही मिळते, कारण पाणी संपल्यावर मोटारीचा प्रवाह सहसा घटतो. मॉडबसमध्ये ओळखपडताळणी नसल्याने ही जोडणी इंटरनेटवर उघडी ठेवू नये.

निष्कर्ष :

१. आरएस-४८५ व मॉडबस ही जुनी औद्योगिक साधने ग्रामीण घराच्या जलव्यवस्थापनास उपयुक्त आहेत.
२. संदेश अचूक पोहोचणे आणि मोजमाप खरे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरीची जबाबदारी मांडणी करणाऱ्याची असते.
३. पाणी असल्याचे सिद्ध झाले तरच मोटार चालावी, हे सूत्र असावे.

संवेदक बोअरमधील पाणी वाढवू शकत नाही. परंतु उरलेल्या पाण्याचा हिशेब तो कुटुंबाला रोज देऊ शकतो, आणि दुष्काळी प्रदेशात या हिशेबाचे मोल मोठे आहे.